पचमढीच्या वाटेवर खापा लागतं

होळी झाली की नागपूरच्या आमच्या नंदनवनात घरोघरचे कूलर बाहेर निघतात. माळ्यावरून, जिन्याखालून, गच्चीवरच्या टिनाच्या शेडमधून. जुन्या चादरींत गुंडाळून ठेवलेली ती पत्र्याची धुडं अंगणात येऊन बसतात आणि सगळी गल्ली त्यांच्या मागे लागते. कोणी टाकीला रंग देतं, कोणी पंप उघडून बसतं, कोणी ताट्यांमधलं काळं पडलेलं गवत ओढून काढतं आणि नवं भरतं. मग पहिल्यांदा पाणी सोडलं की त्या कोरड्या गवताचा ओला वास घरभर पसरतो. माझा उन्हाळा त्या वासापासून सुरू होतो. ऊन नंतर येतं.

यंदाही तो तसाच सुरू झाला. अविनाशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खिडकीशी कूलर लावला, बटण दाबलं. आधी थोडी खडखड, मग तो ओळखीचा एकसुरी घरघराट. मी पन्ह्यासाठी कैऱ्या निवडत होते. हात थांबला. अविनाशही बटणावर बोट ठेवून जरा वेळ तसाच उभा राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. अशा वेळी आम्ही पाहत नाही.

या आवाजावर एका उन्हाळ्यात आमच्या घरी एक बाळ झोपायचं.

पिहू माझ्या भावाची मुलगी. नितीन माझा धाकटा भाऊ, खाप्याला राहतो. कन्हान नदीच्या काठचं ते माझं माहेर. तिथे त्याचं बी-बियाण्यांचं कृषी केंद्र आहे, गावाबाहेर संत्र्याची बाग आहे. पिहू नवरात्रात जन्मली आणि तिची आई, स्नेहल, त्याच आठवड्यात गेली. बाळंतपणातलं दुखणं वाढत गेलं आणि हाताबाहेर गेलं, एवढंच आम्हाला कळलं. त्याहून जास्त कळून घ्यायचं बळ कोणातच नव्हतं. त्याच पावसाळ्यात माझी आई ओट्यावरून घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन ती खाटेवर होती. घरात खाटेवरची आई, भिंतीकडे तोंड करून बसलेला नितीन, आणि मध्ये ते भुकेनं किंचाळणारं लेकरू. तेरवीच्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर ठरलं, आई चालायला लागेपर्यंत बाळ माधुरीकडे राहील.

माधुरी म्हणजे मी. ते शब्द मीही ऐकले होते. 'आई चालायला लागेपर्यंत.' पण शब्द ऐकणं वेगळं आणि रोज सकाळी एक कोवळं डोकं आपल्या गळ्याशी टेकलेलं असणं वेगळं.

आम्हाला मूल नाही. त्यासाठीची आमची वाट रामदासपेठेतल्या दवाखान्यांमधून बरीच वर्षं चालली आणि एके दिवशी आम्हीच ती थांबवली. तिथे जोडपी शेजारी शेजारी बसायची आणि कोणी बोलायचं नाही. पंख्याचा आवाज तेवढा. पिहूच्या लसींसाठी आम्हाला पुन्हा त्यातल्याच एका इमारतीत जावं लागलं, फक्त एक मजला वर. पहिल्यांदा गेलो तेव्हा लिफ्टमध्ये माझं बोट सवयीनं जुन्या मजल्याच्या बटणावर गेलं. अविनाशनं ते उचललं आणि वरच्या बटणावर ठेवलं. दार उघडलं तर नुसता कल्ला. कोणी रडतंय, कोणी ओकतंय, कोणाच्या हातातला खुळखुळा कोणी ओढतंय. मी त्या गोंगाटात जाऊन बसले आणि मला इतकं बरं वाटलं की नंबर आला तेव्हा उठावंसं वाटेना.

हिवाळा गच्चीवरच्या उन्हात गेला. मी शाळेत चित्रकला शिकवते. लांबची रजा घेतली. सकाळी तेल लावून तिला उन्हात ठेवायची, बाजूला संत्र्याच्या साली वाळत घातलेल्या असायच्या. अजूनही वाळलेल्या सालींचा वास आला की मला तिचे तेलकट, चमकणारे गुडघे दिसतात. अविनाश सरकारी कचेरीत नकाशे काढतो. घरी आल्यावर हातपाय धुऊन तो तिच्यासमोर मांडी घालून बसायचा आणि दिवसभरात कचेरीत काय झालं ते तिला सांगायचा. मला त्यानं तसं कधी सांगितलं नव्हतं. ती त्याच्या चष्म्याकडे पाहत राहायची आणि मध्येच हसायची. तो मला म्हणायचा, "पाह्य, हिले समजून राहिलं."

नितीन कधीमधी रविवारी यायचा. पिशवीभर संत्री घेऊन यायचा आणि दाराजवळच्या खुर्चीवर, हेल्मेट मांडीवर ठेवून बसायचा. पिहूकडे असं पाहायचा जसं माणूस दुकानाच्या काचेआडची वस्तू पाहतो.

"घे ना गा मांडीवर," मी म्हणायची.

"नोको ताई. हात खराब आहेत माझे. दिवसभर फवारणीच्या औषधात असतात."

"धू ना मग."

तो ऐकलं न ऐकल्यासारखं करायचा. एकदा जाताना चपला घालता घालता म्हणाला, "नाक तिचंच आहे, नाही?" आणि उत्तराची वाट न पाहता गाडीला किक मारून गेला.

मार्च संपता संपता ऊन कडक झालं. अविनाशनं कूलर लावला आणि आमच्या घरात एक चमत्कार घडला. दुपारी कितीही थोपटलं तरी न झोपणारी पिहू त्या घरघराटात काही वेळातच डोळे मिटायला लागली. लाइट गेली की जागी. लाइट आली, कूलर सुरू झाला, की झोप. नागपूरची पोट्टी आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या, कूलरची अंगाई लागते हिला.

आणि त्याच दिवसांत कधीतरी अविनाश म्हणाला, "मे महिन्यात आपण हिला घेऊन कुठंतरी जाऊ. थंड ठिकाणी."

लग्नानंतर आम्ही फिरायला गेलो नाही असं नाही. पण दवाखान्याच्या त्या वर्षांत सगळ्या सुट्ट्या तारखा सांभाळण्यात गेल्या आणि नंतर जायचं कशाला, असं दोघांनाही वाटायला लागलं होतं. आता हा माणूस संध्याकाळी नकाशा उघडून बसला. पचमढी ठरली. आपल्या गाडीनं जायचं, सावनेर, छिंदवाडा, मग पहाड. मध्ये सावनेरहून थोडं आत वळलं की खापा. तिथे सकाळी थांबायचं, पिहूला आजी भेटेल, बाप भेटेल, नाश्ता करायचा आणि पुढे निघायचं.

त्या तयारीचे दिवस मला अजून कोणत्याही प्रवासापेक्षा जास्त आठवतात. पाण्याचं काय, दुधाचं काय, उकळायला छोटी किटली न्यायची की तिथे मिळेल. अविनाशनं पचमढीच्या हॉटेलवाल्याला इतक्यांदा फोन केला की तो नाव न विचारताच ओळखायला लागला. "हां साब, बच्ची के लिए दूध गरम हो जाएगा, आप टेंशन मत लो." मी सुती झबली शिवली, गळ्याखाली बांधायची पट्टी असलेली पांढरी टोपी आणली. एका संध्याकाळी तर अविनाशनं सगळं सामान गाडीत भरलं, पिहूला तिच्या खुर्चीत बांधलं आणि आम्ही फुटाळा तलावापर्यंत प्रवासाची तालीम करून आलो. थर्मास उघडून पाहिला, लंगोट बदलायची जागा ठरवून पाहिली. ज्या बाईसाठी हे सगळं, ती जाताना झोपली ती घरी येऊन उतरवलं तरी जागी झाली नाही. तलावाकाठी आम्ही दोघंच भाजलेलं कणीस खात उभे राहिलो आणि वेड्यासारखे हसलो.

निघायच्या आधी डॉक्टरबाईंना विचारून घ्यावं म्हणून रामदासपेठेत गेलो. मी म्हटलं, "ही कूलरच्या आवाजाशिवाय झोपतच नाही. पचमढीला कूलर कुठे असणार?"

डॉक्टरबाई हसल्या. "मग आवाज सोबत न्या. मोबाइलमध्ये भरून घ्या." आणि पिहूच्या पोटावर हात फिरवत म्हणाल्या, "पहिल्या प्रवासात बाळाला काही होत नसतं. दमतात ते आईबाबा."

आम्ही दोघांनी मान हलवली. आईबाबा. खाली उतरताना लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात तिघं दिसत होती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन चढायच्या आत, आम्ही निघालो. कोराडीच्या पुढे रस्त्याकडेचा बहावा पिवळाधम्मक झाला होता. पिहू खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यावर डोळे बारीक करत होती. मी मागे तिच्याजवळ बसले होते. अविनाश आरशातून वारंवार मागे पाहत होता. मी म्हटलं, "समोर पाहा." तो म्हणाला, "समोर काय आहे?"

खाप्याला पोचलो तर आई दारात उभी. काठीशिवाय. फोनवर ती सांगायची, थोडं थोडं चालून राहिली म्हणून, पण मी तिला उभी पाहिली नव्हती. आठ महिन्यांनी आई आपल्या पायांवर उभी पाहून मला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच क्षणी तेरवीच्या दिवशीचे ते शब्द आठवले.

नितीन नुकताच अंघोळ करून आला होता. धुतलेला शर्ट, ओले केस. त्यानं आमच्यासमोर अंगणातल्या नळाखाली पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून. मग गाडीजवळ आला आणि दोन्ही हात पुढे केले.

"ये," तो म्हणाला. "ये पिहू."

पिहूनं त्याच्याकडे पाहिलं. तिचा खालचा ओठ थरथरला. आणि ती अशी किंचाळली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. माझ्या खांद्यात तोंड खुपसून, मंगळसूत्र मुठीत घट्ट धरून ती रडत राहिली. त्या वयात लेकरं अनोळखी माणसाला भितातच. मी ते नितीनला सांगत होते. पण तो ऐकत नव्हता. त्याचे हात तसेच पुढे होते. मग त्यानं ते खाली घेतले, पँटला पुसले आणि घरामागे निघून गेला.

आईनं पोहे केले होते, वर तर्री. ताटल्या वाढून झाल्या, कोणी हात लावला नाही. अविनाश घरामागून नितीनला घेऊन आला. नितीन बसला नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, तुम्ही दोघं जाऊन या. पिहूले इथं ठेवून जा."

मला आधी कळलंच नाही. "इथे? ती राहणार नाही रे. पाहिलंस ना आत्ता."

"पाह्यलं. म्हणूनच म्हणून राहिलो. आता रडली. आणखी चार महिन्यांनी तर मले पाहून रडणार पण नाही. शेजारचा कोणी आला असं समजंल."

"आम्ही परत आलो की बोलू नितीन."

"परत आल्यावर तुह्यानं देणं होणार नाही, ताई. अन् माह्यानं मागणं होणार नाही."

"ती रडून रडून अर्धी होईल रे."

"रडंल अन् राहीन," नितीन म्हणाला. "मी काय केलं मंग? रडलो अन् राहिलोच ना."

अविनाश पुढे झाला. तो म्हणाला, "तूच चाल ना गा आमच्यासंग. गाडीत जागा आहे. चार दिवस ती तुह्याजवळ राहील, सवय होईन."

नितीनचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "भाऊजी, स्नेहल दरवर्षी म्हणे, पचमढीले नेता का. मी दरवर्षी सांगो, एवढी संत्री निघू दे, मंग जाऊ. तिले कधी नेलं नाही. अन् आता तिच्या पोट्टीले घेऊन मजा पाहाले जाऊ? मले नाही होत."

आईनं पदरानं हात पुसले. माझ्याकडे पाठ करून, शेगडीवरच्या चहाकडे पाहत ती म्हणाली, "पोरगी त्याची आहे, माधुरी."

मी पिहूला कडेवर घेऊन अंगणात गेले. गाडी समोर उभी होती. सामान आत होतं. किल्ली अविनाशच्या खिशात होती, पण त्याला हाक मारली असती तर तो आला असता, हे मला माहीत होतं. आम्ही बसलो असतो आणि गेलो असतो. कोणी रस्त्यात आडवं झालं नसतं. आईवर राग आला, नितीनवर आला, मेलेल्या स्नेहलवरही आला. आठ महिने हा माणूस दाराजवळच्या खुर्चीवरून पुढे सरकला नाही आणि आज हात धुऊन आला. पिहू आता शांत झाली होती. माझ्या कानातल्याशी खेळत होती. ऊन तापायला लागलं होतं. मी तिला सावलीत न्यावं म्हणून वळले, तर गाडीच्या पलीकडे नितीन उभा दिसला.

मघाशी रडारडीत तिची टोपी खाली पडली होती. ती त्यानं उचलली होती. फुंकर मारून माती झटकली आणि आता तो ती हातात फिरवून पाहत होता, पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती. एवढीशी टोपी, त्याच्या पंजात मावत होती. त्याला कळत नव्हतं. पट्टी गळ्याखालून जाते हेही कळत नव्हतं. तो ती उलटी करून, सुलटी करून पाहत होता, परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नाकडे मुलं पाहतात तसा.

मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, "मी तिला अशी टाकून जाणार नाही. रजा आहे तेवढे दिवस आम्ही इथेच राहतो. तू शिक."

तर ती आमची सुट्टी. खाप्याला.

पहिल्या दिवशी तिला भरवताना मी तिच्यामागे बसले, नितीन पुढे. दुसऱ्या दिवशी मी दारात. मग ओसरीवर. मग अंगणात, तिला दिसेन पण हात लागणार नाही अशी. अंघोळ घालताना डोकं कसं धरायचं, कानात पाणी जाऊ न देता कसं ओतायचं, वरणाचं पाणी किती कोमट, ढेकर काढताना खांद्यावर रुमाल कुठे. नितीन कान देऊन ऐकायचा. चुकला की स्वतःवर चिडायचा. एकदा तिनं सगळा भात त्याच्या तोंडावर फुंकला तेव्हा तो हसला. घरात सगळे थांबले. स्नेहल गेल्यापासून तो आवाज कोणी ऐकला नव्हता.

दुपारी मात्र ती काही केल्या झोपेना. त्या खोलीत नुसता छताचा पंखा. नितीन फेऱ्या मारून घामाघूम झाला. मग अविनाश उठला आणि त्यानं मोबाइल तिच्या उशाशी ठेवला. नंदनवनातल्या आमच्या घराचा कूलर खाप्याच्या त्या खोलीत घरघरायला लागला. पिहूनं इकडेतिकडे पाहिलं, मला शोधलं, मी दाराआड होते. आणि ती झोपली. नितीनच्या दंडावर. "मले पाठवून द्या हे, भाऊजी," नितीन कुजबुजला. अविनाशनं पाठवून दिलं. माझ्याकडे होतं ते सगळं असं एकेक करून त्याच्याकडे जात होतं.

मग असे दिवस आले की आम्ही घरात नसणंच बरं. आई म्हणायची, तुम्ही जा कुठंतरी, ती तुमचा आवाज ऐकते. आम्ही नदीवर जायचो. कन्हान उन्हाळ्यात आटून एका कडेला जाते आणि उरलेल्या वाळूत टरबुजाचे वेल पसरलेले असतात. बाभळीच्या सावलीत आम्ही बसून राहायचो. वेलांवर काम करणारा कोणी टरबूज फोडून द्यायचा, आम्ही खायचो. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल, नवराबायको फिरायला आलेत. तिथेच एकदा पचमढीच्या हॉटेलवाल्याचा फोन आला. त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"साब, आप आए नहीं? बच्ची ठीक है ना?"

"हां, ठीक है. अपने पापा के पास है."

"मतलब... आप पापा नहीं बोल रहे?"

"नहीं," अविनाश म्हणाला. "मैं फूफा हूँ."

फोन खिशात ठेवून तो वाळूकडे पाहत बसला. तो तिच्या आत्याचा नवरा होता हे आम्हाला कधी माहीत नव्हतं असं नाही. पण तो शब्द त्यानं त्याआधी तोंडानं उच्चारला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला. मी लग्नानंतर त्याला पहिल्यांदा तसं रडताना पाहिलं, भर दुपारी, उघड्या नदीत. वेलांना पाणी देणाऱ्या माणसानं आमच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम पाठ फिरवून तो दुसरीकडे गेला.

शेवटच्या दिवशी आई म्हणाली, झोपली आहे तोवर निघून जा. मी नाही म्हटलं. चोरासारखं मला जायचं नव्हतं. ती उठली, नितीननं तिला कडेवर घेतलं, टोपी घातली, बरोबर घातली, आणि आम्हाला सोडायला अंगणात आणलं. मी तिच्या तळव्याला ओठ लावले. त्याच वेळी गोठ्यातलं वासरू जवळ आलं आणि पिहू त्याच्या कानाकडे झेपावली. नितीन म्हणाला, "टाटा कर आत्याले." तिनं आमच्याकडे पाहिलंच नाही. वासराचा कान तिच्या मुठीत होता आणि ती खिदळत होती.

ती रडेल याची मी तयारी केली होती. न रडण्याची केली नव्हती.

सावनेरच्या चौकात एक रस्ता छिंदवाड्याकडे जातो. अविनाशनं गाडी जरा हळू केली, मग नागपूरकडे वळवली.

घरी आल्यावर बरेच दिवस आम्ही कूलर लावला नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, ऊन लागून मरसाल. मग लावला. जूनमध्ये मी शाळेत परत गेले. पोरांनी डोंगर, नदी, झोपडी काढली, मी रंग पाहून शेरे दिले. माणसं विचारायची, बाळ कसं आहे? मी म्हणायची, मस्त, बापाकडे आहे. "अरे वा, बरं झालं बाई," ती म्हणायची. बरंच झालं होतं. नितीन पुन्हा दुकानात बसायला लागला. फोनवर तो तिच्या दातांबद्दल, तापाबद्दल, पहिल्या पावलाबद्दल इतकं बोलायचा की मला नुसतं हुं हुं करायचं काम. आईच्या खाटेवर आता पिहूची खेळणी पडलेली असत. आणि माझ्या हातांना मात्र संध्याकाळी काय करावं ते कळत नसे. मी ते पाण्यात घालून भांडी घासत बसायची. घासलेलीच पुन्हा.

पुढे नितीननं दुसरं लग्न केलं. वैशाली भली बाई आहे. पिहूला जीव लावते, वेणी घट्ट घालते, अभ्यासाला बसवते. पिहू तिला मम्मी म्हणते. मला आत्या. आत्या हा गोड शब्द आहे. दिवाळीला येतो, राखीला येतो, आणि जातो.

परवा ते तिघं गाडीनं आले. चिखलदऱ्याला निघाले होते. आईला आता एवढा प्रवास झेपत नाही म्हणून तिला चार दिवस आमच्याकडे ठेवायला आले होते. पिहू आता पहिलीत जाणार. पुढचे दोन दात पडलेत. ती माझ्या घरभर फिरली, फ्रिज उघडून पाहिला, अविनाशचा चष्मा लावून पाहिला, आणि तिची ही पहिलीच सफर आहे हे तिनं आम्हाला तीनदा सांगितलं. इतकी वर्षं दरवेळी काहीतरी निघायचं. संत्री, लग्न, आजीचं दुखणं. नितीन हसून म्हणाला, "या वेळी संत्र्याची वाट नाही पाहिली, ताई." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

मी धपाटे करून दिले, दशम्या दिल्या, पन्ह्याची बाटली दिली. वैशाली म्हणाली, "ताई, किती वं करता." सगळे गाडीत बसले. नितीननं गाडी सुरू केली, तेवढ्यात मागची काच खाली आली.

"आत्या, तू काहून येत नाही?"

नितीन समोर पाहत राहिला. वैशाली ओढणी सारखी करायला लागली. मी गाडीजवळ गेले.

"मला गाडी लागते गं बाई."

पिहूनं विचार केला. मग आपल्या जागेवरून सरकून तिनं बाजूची जागा थापटली. "मंग तू माह्या खिडकीत बसजो ना. मी मधात बसतो. खिडकीत बसलं की नाही लागत."

"पुढच्या वेळेस," मी म्हटलं.

"पक्का?"

"पक्का."

गाडी गल्लीच्या टोकाला वळली. अविनाश फाटक लावायला गेला आणि बराच वेळ कडी बसवत राहिला. मी पायरीवर उभी होते. मागे आई दाराची चौकट धरून उभी होती. इतक्या वर्षांत खाप्यातल्या त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"माधुरी," ती म्हणाली. "तवा मी चुकली का वं?"

मी तिच्याकडे वळले. तिचे डोळे आता फार पाण्याळले आहेत, रडते आहे की नाही ते कळत नाही.

"नाही आई," मी म्हटलं.

पिहूशी मी नुकतंच खोटं बोलले होते. हे खोटं नव्हतं. आईनं हात पुढे केला, तिला उंबरा ओलांडायला आधार लागतो. मी तिचा हात धरला आणि आम्ही आत आलो.